जागेपणीच्या शस्त्रक्रियेचे आद्य प्रवर्तक : डॉ. विल्यम हालस्टेड

मनगटात दबलेला मज्जातंतू मोकळा करण्याची शस्त्रक्रिया आता आपल्या परिचयातील कित्येकांनी करून घेतलेली असते. रात्री झोपेत हाताला मुंग्या येतात, अंगठा आणि त्याच्या शेजारची बोटे बधिर होतात, सुईत दोरा ओवता येत नाही, हातातील कपबशी निसटते. मनगटाच्या तळव्याकडील बाजूस हाडे आणि एक जाड अस्थिबंध यांनी बनलेला अरुंद बोगदा असतो. त्यातून बोटे वाकविणाऱ्या नऊ कंडरा आणि एक मज्जातंतू जातो. जागा अपुरी पडू लागली की त्या दाटीत मऊ असलेला मज्जातंतूच चेपला जातो. शल्यचिकित्सक तो अस्थिबंध कापतात आणि मज्जातंतूवरील दाब उतरतो. हे सारे चालू असताना रुग्ण बहुधा जागा असतो. सुई टोचल्याची वेदना त्याला आरंभी तेवढी होते. पुढे तो डॉक्टरांशी बोलतो, सांगितले की बोटे हलवतो आणि थोड्या वेळाने स्वतःच्या पायांनी घरी जातो.

माणूस पूर्ण जागा आणि त्याचा एक अवयव तेवढा निद्रिस्त, ही गोष्ट आज आपणास नवलाची वाटत नाही. सुमारे एकशेचाळीस वर्षांपूर्वी ती कल्पनेतही नव्हती. मज्जातंतूच्या मार्गात औषध टोचून त्याच्या पुढचा सारा प्रदेश बधिर करता येतो, हे शस्त्रक्रियेच्या दालनात प्रथम सिद्ध करून दाखविणाऱ्यांत अमेरिकेतील शल्यविशारद डॉ. विल्यम स्ट्युअर्ट हालस्टेड यांचे नाव अग्रभागी आहे. या शोधासाठी त्यांनी जे मोल दिले ते त्यांच्या हयातीत फार थोड्यांना ठाऊक होते. त्यांचे चरित्र त्या मोलासह सांगितले तरच ते पुरे होते. म्हणून थोरांच्या उणिवा झाकून ठेवण्याची आपल्याकडील रीत येथे मुद्दाम बाजूस ठेवली आहे.

हालस्टेड यांचा जन्म २३ सप्टेंबर १८५२ रोजी न्यूयॉर्क शहरात एका सधन व्यापारी कुटुंबात झाला. बालपण सुखात गेले. येल महाविद्यालयात त्यांचे लक्ष अभ्यासापेक्षा खेळाकडे अधिक होते. ते तेथील फुटबॉल संघाचे कर्णधार होते. महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून त्यांनी कधी एखादे पुस्तक नेल्याची नोंद सापडत नाही असे सांगतात. परंतु शेवटच्या वर्षी त्यांनी शरीररचनाशास्त्र व शरीरक्रियाशास्त्र या विषयांवरील ग्रंथ विकत घेतले आणि तेथून त्यांच्या आयुष्याची दिशा पालटली. १८७४ साली पदवी मिळवून ते न्यूयॉर्कच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले व १८७७ साली उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाले. खेळाच्या मैदानावरील ईर्ष्या आता विद्येत उतरली होती.

१८७८ ते १८८० ही दोन वर्षे त्यांनी युरोपात घालविली. त्या काळी शस्त्रक्रियेची काशी म्हणजे जर्मन भाषिक प्रदेश. व्हिएन्नात बिलरोथ यांच्यासारखे, तर जर्मनीत फोल्कमान यांच्यासारखे आचार्य शिकवीत होते. तेथे हालस्टेड यांनी एक गोष्ट मनावर कोरून घेतली : शल्यकर्म हे केवळ हाताच्या चपळाईचे काम नसून प्रयोगशाळा, शरीररचना आणि रुग्णशय्या या तिहींच्या संगमातून ते घडते. न्यूयॉर्कला परतल्यावर त्यांनी अक्षरशः झपाट्याने काम केले. एकाच वेळी अनेक रुग्णालयांत ते शस्त्रक्रिया करीत, रात्री विद्यार्थ्यांना शिकवीत. लिस्टर यांची जंतुनाशक पद्धती अमेरिकेत अद्याप अनेकांना पटली नव्हती. बेलव्ह्यू रुग्णालयातील जुन्या दालनांत ती पाळणे शक्य नाही असे दिसताच त्यांनी आवारात एक मोठा तंबू उभारून घेतला व तेथे शस्त्रक्रिया सुरू केल्या.

त्यांच्या त्या वेळच्या धाडसाची कल्पना दोन घटनांवरून येते. १८८१ साली त्यांची बहीण प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाने मरणासन्न झाली, तेव्हा त्यांनी स्वतःच्या नसेतून रक्त काढून तिला दिले. रक्तगटांचा शोध लागण्यापूर्वीची ही गोष्ट आहे. ती बचावली यात दैवाचाही वाटा मानला पाहिजे. पुढच्याच वर्षी आईला पित्ताशयाचा तीव्र विकार झाला. रात्री दोनच्या सुमारास, घरातच, त्यांनी शस्त्रक्रिया करून पू व खडे काढले आणि आईला बरे केले. अशा स्वभावाचा मनुष्य नव्या औषधाची परीक्षा प्रथम कोणावर घेईल, हे वेगळे सांगावयास नको.

आता त्या काळच्या भुलीविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. १८४६ साली बोस्टन येथे ईथरचा जाहीर प्रयोग झाला, पुढच्या वर्षी क्लोरोफॉर्म आले, आणि शस्त्रक्रियेतील आक्रोश थांबला. परंतु ही भूल साऱ्या देहाची होती. बोटावरील एका गाठीसाठीही रुग्णास पूर्ण बेशुद्ध करावे लागे. भूल देणारा बहुधा एखादा अननुभवी साहाय्यक असे. हृदय वा फुप्फुसे दुबळी असलेल्या रुग्णाच्या बाबतीत मूळ व्याधीपेक्षा भुलीचेच भय अधिक असे. शुद्धीवर आल्यानंतरच्या ओकाऱ्या व ग्लानी वेगळीच.

या कोंडीतून वाट निघाली ती व्हिएन्नात. कोकाच्या पानांतील कोकेन हे द्रव्य १८६० च्या सुमारासच वेगळे काढण्यात आले होते आणि ते जिभेला लागले की जीभ बधिर होते हे अनेकांनी अनुभवले होते. पण त्याचा अर्थ ओळखला तो कार्ल कोल्लर या तरुण नेत्रवैद्याने. डोळ्यात या द्रावणाचे थेंब घातले की डोळ्यास स्पर्श कळत नाही, हे त्यांनी आधी प्राण्यांवर व मग स्वतःवर पडताळले. १५ सप्टेंबर १८८४ रोजी हायडेलबर्ग येथील नेत्रवैद्यांच्या परिषदेत त्यांचा निबंध वाचला गेला. प्रवासाचा खर्च झेपत नसल्याने कोल्लर स्वतः उपस्थित राहू शकले नाहीत. दुसऱ्याने तो वाचला. जगाच्या इतिहासातील एवढी मोठी वार्ता देणारा गाडीभाड्याअभावी घरी बसून होता, ही विलक्षणच गोष्ट म्हटली पाहिजे.

काही आठवड्यांतच हे वर्तमान न्यूयॉर्कला पोहोचले. डोळ्यात थेंब घालता येतात, पण हातापायाच्या कातडीवर थेंब घालून उपयोग नाही. कातडी ते आत जाऊ देत नाही. मग सुईने टोचून पाहावे, हा पुढचा विचार. अनेकांनी तो केला. हालस्टेड आणि त्यांचे सहकारी रिचर्ड हॉल यांनी मात्र त्याच्याही पुढचे पाऊल टाकले. जेथे कापावयाचे तेथेच औषध का टोचावे? वेदनेची वार्ता मेंदूकडे नेणारा मज्जातंतू जेथून जातो, तेथेच त्याला अडविला तर? नदीच्या साऱ्या पाटांना एकेक बांध घालण्याऐवजी मुख्य कालव्याचेच दार बंद करावे, तसा हा विचार होता. १८८४ च्या अखेरीस रूझवेल्ट रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात हे प्रयोग सुरू झाले. ते स्वतः, त्यांचे सहकारी आणि काही वैद्यकीय विद्यार्थी एकमेकांच्या हातापायांतील, चेहऱ्यातील मज्जातंतूंजवळ कोकेन टोचीत आणि बधिरता कोठपर्यंत पसरते, किती वेळ टिकते, हे टाचणीने टोचून नोंदवीत. खालच्या जबड्याच्या मज्जातंतूजवळ औषध दिले की त्या बाजूचे दात, ओठ बधिर होतात, हे याच काळात दिसून आले. दंतवैद्याच्या खुर्चीत बसून दाढ काढून घेणारा प्रत्येक जण आजही या शोधाचा लाभ घेत असतो.

याच सुमारास हालस्टेड यांनी जी एक शस्त्रक्रिया केली ती आपल्या विषयाच्या अगदी जवळची आहे. मानेतून निघून खांद्याखालून हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंचे एक जाळे असते. साऱ्या हाताची हालचाल व संवेदना त्यावर अवलंबून असते. मानेत या जाळ्याची मुळे कोकेनच्या द्रावणाने बधिर करून हालस्टेड यांनी ते मज्जातंतू भोवतालच्या ऊतींतून मोकळे केले. अडकलेल्या मज्जातंतूची सुटका करावयाची आणि त्यासाठी त्याच मज्जातंतूला काही काळ मुका करावयाचा, असा हा प्रकार होता. मज्जातंतू ही शरीरातील सर्वांत संवेदनशील गोष्ट. तिला साधा धक्का लागला तरी विजेचा झटका बसावा तशी कळ उठते. कोपर आपटल्यावर करंगळीपर्यंत जाणारी झिणझिणी सर्वांच्या परिचयाची आहे. अशा अवयवावर रुग्णास बेशुद्ध न करता काम करता येते, ही गोष्ट तेथे सिद्ध झाली.

आणि येथेच या चरित्राला वेगळे वळण लागते.

कोकेनचे व्यसन लागते, हे १८८४ साली वैद्यकीय जगास नीट माहीत नव्हते. ते शक्तिवर्धक म्हणून पेयांतून, औषधांतून खुलेपणाने विकले जाई. मान्यवर वैद्य थकवा घालविण्यासाठी त्याची शिफारस करीत. प्रयोगाच्या निमित्ताने पुनःपुन्हा टोचून घेतलेल्या या द्रव्याने हालस्टेड व त्यांच्या सोबत्यांना अपार उत्साह येऊ लागला. झोप नकोशी झाली, बोलणे अखंड झाले. मग ते द्रव्य मज्जातंतूसाठी न राहता मनासाठी घेतले जाऊ लागले. प्रयोग कोठे संपला आणि आसक्ती कोठे सुरू झाली, ती सीमारेषा त्यांना स्वतःलाही दाखविता आली नसती. हे व्यसन विलासातून जडलेले नव्हते हे खरे. पण शास्त्राच्या नावाखाली त्यांनी सावधगिरी सोडली, आणि आपल्याहून वयाने लहान असलेल्यांना त्याच वाटेवर नेले, हेही तितकेच खरे आहे. त्या तरुणांपैकी काहींची आयुष्ये उद्ध्वस्त झाली. हॉल यांनाही न्यूयॉर्क सोडून दूर कॅलिफोर्नियात जावे लागले.

१८८५ च्या सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या एका वैद्यकीय नियतकालिकात हालस्टेड यांचा कोकेनवरील लेख प्रसिद्ध झाला. त्याचे पहिले वाक्य इतके लांब, गुंतागुंतीचे व अर्थहीन आहे की वाचणारा चक्रावून जातो. पाच वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांना मंत्रमुग्ध करणाऱ्या आचार्याच्या बुद्धीची काय अवस्था झाली होती, याचा तो छापील पुरावाच होय. एवढ्या मोठ्या शोधाचे व्यवस्थित विवेचन त्यांनी त्यानंतर कधीच केले नाही. परिणामी या शोधाचे श्रेय पुढे अनेक वर्षे इतरांकडेच जात राहिले.

अशा वेळी मित्र कामास आले. विकृतिशास्त्रज्ञ डॉ. विल्यम वेल्च हे त्यांचे स्नेही. त्यांनी प्रथम हालस्टेड यांना लांबच्या सागरी प्रवासास नेण्याची योजना केली. समुद्रावर कोकेन मिळणार नाही, ही अपेक्षा. ती फोल ठरली. मग १८८६ साली प्रॉव्हिडन्स येथील बटलर रुग्णालयात त्यांना अनेक महिने ठेवण्यात आले. तेथील उपचार म्हणजे कोकेन सोडविण्यासाठी मॉर्फिन देणे. एक बेडी काढून दुसरी घालण्याचाच हा प्रकार, हे आज आपण सहज म्हणू शकतो. त्या काळी दुसरा उपाय वैद्यांनाही ठाऊक नव्हता. बाहेर पडल्यावर वेल्च यांनी त्यांना बाल्टिमोरला आपल्या घरी ठेवून घेतले आणि आपल्या प्रयोगशाळेत काम दिले. आतड्याची शिवण कशी घालावी, कोणत्या थराला धरून टाके घातले असता ते टिकतात, यावरील त्यांचे मोलाचे संशोधन याच दिवसांतले आहे. मधल्या काळात व्यसनाने पुन्हा डोके वर काढले आणि १८८७ मध्ये त्यांना दुसऱ्यांदा बटलर येथे जावे लागले.

१८८९ साली जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय उघडले. शल्यविभाग हालस्टेड यांच्याकडे सोपविण्यात आला. आरंभी तात्पुरता, कारण विश्वस्तांच्या मनात शंका होती, आणि तिला आधारही होता. १८९० साली ते मुख्य शल्यचिकित्सक झाले व १८९२ साली प्राध्यापक. अशा पूर्वेतिहासाच्या माणसावर भिस्त ठेवणाऱ्या वेल्च यांच्या धैर्याचे कौतुक करावे तितके थोडे आहे.

न्यूयॉर्कचे हालस्टेड आणि बाल्टिमोरचे हालस्टेड हे जणू दोन निराळे पुरुष होते. पूर्वीचा माणूस धडाडीचा, मिळून मिसळून वागणारा, वेगाने शस्त्र चालविणारा. आताचा अबोल, संकोची, एकान्तप्रिय. आणि त्यांचा हातही बदलला. भूल नव्हती त्या काळात जलद कापणे हेच कौशल्य होते, आणि भूल आल्यानंतरही ती सवय गेली नव्हती. हालस्टेड मात्र अतिशय संथपणे काम करू लागले. प्रत्येक सूक्ष्म रक्तवाहिनी चिमट्यात धरून बांधावयाची, ऊतींना ओढाताण न करता हळुवार हाताळावयाचे, बारीक रेशमी धाग्याने थरास थर जुळवावयाचा, मृत ऊती मागे ठेवावयाची नाही. त्यांची एकेक शस्त्रक्रिया कित्येक तास चाले आणि पाहणारे कंटाळत; पण जखमा स्वच्छपणे भरून येत. पुढे साऱ्या जगाने हेच नियम स्वीकारले. या बदलास व्यसनाशी चाललेला झगडा कारण झाला की प्रयोगशाळेतील शिस्त, याविषयी चरित्रकारांत मतभेद आहेत. आम्हास दुसरे कारण अधिक सयुक्तिक वाटते, कारण हीच पद्धत त्यांच्या आतड्यावरील प्रयोगांत आधी दिसते.

रबरी हातमोज्यांची कथा अनेकांनी ऐकली असेल. शल्यदालनाच्या मुख्य परिचारिका कॅरोलाइन हॅम्प्टन यांच्या हातांस जंतुनाशक द्रावणातील पाऱ्याच्या क्षाराने चट्टे पडू लागले. १८८९-९० च्या हिवाळ्यात हालस्टेड यांनी गुडइयर रबर कंपनीकडून त्यांच्यासाठी पातळ रबराचे हातमोजे बनवून घेतले. हेतू त्वचेच्या रक्षणाचा होता, जंतूंचा नव्हे. पुढे त्यांचे शिष्य ब्लडगुड यांनी शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्वांना ते वापरावयास लावले, तेव्हा जखमा दूषित होण्याचे प्रमाण घटल्याचे दिसले. ४ जून १८९० रोजी कॅरोलाइन व हालस्टेड यांचा विवाह झाला. उभयतांना अपत्य नव्हते. बाल्टिमोरमधील घर मोठे, पण त्यात येणारेजाणारे मोजके. उन्हाळ्यात ती दोघे नॉर्थ कॅरोलायनातील हाय हॅम्प्टन या डोंगराळ भागातील मालमत्तेवर जात. तेथे हालस्टेड डेलियाची फुले जोपासीत. कपड्यांच्या बाबतीत ते इतके चोखंदळ होते की आपले सदरे धुण्यासाठी पॅरिसला पाठवीत!

हर्निया, स्तनाचा कर्करोग, कंठग्रंथी, रक्तवाहिन्या या सर्व क्षेत्रांत त्यांनी काम केले. त्याचा विस्तार येथे नको. शिष्य घडविण्याची त्यांची रीत मात्र सांगितली पाहिजे. तरुण डॉक्टराने रुग्णालयातच राहून वर्षानुवर्षे टप्प्याटप्प्याने जबाबदारी घेत शिकावे, ही आज सर्वत्र रूढ असलेली व्यवस्था अमेरिकेत त्यांनी घडविली. मेंदूच्या शस्त्रक्रियेचे जनक हार्वी कुशिंग हे त्यांचेच शिष्य. कुशिंग यांनी १८९८ च्या सुमारास, पूर्ण भूल धोक्याची ठरेल अशा हर्नियाच्या रुग्णांवर कोकेनने तेथील मज्जातंतू बधिर करून शस्त्रक्रिया केल्या. ही वाट आपल्या गुरूंनी चौदा वर्षांपूर्वीच चोखाळली होती, हे त्यांना आरंभी माहीतही नव्हते. ज्या विषयाने आपले सर्वस्व हिरावून नेले, त्याविषयी गुरूने शिष्याजवळ मौनच पाळले होते. कुशिंग यांनी १९०२ साली मोठ्या मज्जातंतूंना आधी बधिर करून अवयवच्छेदन करण्याविषयी लिहिले आणि या पद्धतीस प्रादेशिक भूल हे नाव दिले.

मौनामागे आणखी एक गुपित होते. लोकांची समजूत अशी होती की हालस्टेड यांनी असामान्य निग्रहाने व्यसनावर पूर्ण विजय मिळविला. त्यांचे सहकारी प्राध्यापक सर विल्यम ऑस्लर यांना वस्तुस्थिती ठाऊक होती. नेमणुकीनंतर काही महिन्यांतच त्यांनी हालस्टेड यांना हुडहुडी भरलेल्या अवस्थेत पाहिले आणि मॉर्फिन अद्याप चालू असल्याचे त्यांच्या ध्यानी आले. दिवसाला तीन ग्रेन, म्हणजे जवळपास दोनशे मिलिग्रॅम, एवढे ते प्रमाण होते. पुढे ते निम्म्यावर आले. ऑस्लर यांनी हे आपल्या खासगी वहीत लिहून ती बंद करून ठेवली. ती प्रकाशात आली १९६९ साली, हालस्टेड यांच्या मृत्यूनंतर सत्तेचाळीस वर्षांनी. म्हणजे ज्या काळात त्यांनी ही सर्व कामगिरी केली, त्यातील बराच काळ ते रोज या द्रव्याच्या अधीन होते. त्यामुळे त्यांचे काम लहान होत नाही. मात्र निग्रहाने सारे सुटले ही गोड कथा खरी नाही, आणि व्यसनात गुरफटलेल्या माणसाच्या घरच्यांना अशी खोटी कथा ऐकविणे हे त्यांच्यावर अन्याय करण्यासारखे आहे.

१९२२ च्या वसंतात, वयाच्या सत्तराव्या वर्षात, त्यांच्या मूळ शोधाचे श्रेय अखेर त्यांना मिळाले. ते दिले शल्यचिकित्सकांनी नव्हे, तर दंतवैद्यांनी. अमेरिकेतील दंतवैद्यांच्या राष्ट्रीय संस्थेने जुने लेख तपासून मज्जातंतूंच्या भुलीचे प्रवर्तक म्हणून त्यांचा सुवर्णपदकाने गौरव केला. त्यांना याचा अतिशय आनंद झाला. त्याच वर्षी पित्ताच्या खड्यांचा जुना त्रास उलटला. त्यांच्याच शिष्यांनी, त्यांनीच शिकविलेल्या रीतीने शस्त्रक्रिया केली. पण नंतरच्या गुंतागुंतीने ७ सप्टेंबर १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. कॅरोलाइनबाईही त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच निवर्तल्या.

कोकेन मागे पडले आणि पद्धत उरली. १९०३ साली जर्मनीतील हाइनरिश ब्राउन यांनी बधिर करणाऱ्या औषधात अॅड्रिनलिन मिसळले. त्याने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, औषध त्याच जागी अधिक वेळ राहते आणि रक्तस्राव कमी होतो. १९०५ पासून व्यसन न लावणारे प्रोकेन वापरात आले. १९४३ साली स्वीडनमध्ये लोफग्रेन आणि लुंडक्विस्ट यांनी आज सर्वत्र वापरले जाणारे लिग्नोकेन शोधले. लुंडक्विस्ट यांनीही ते स्वतःच्याच शरीरावर टोचून पाहिले होते. सुदैवाने हे द्रव्य मनाला कैद करीत नाही. मज्जातंतूच्या आवरणातील ज्या सूक्ष्म दारांतून सोडियमचे कण आत शिरून संदेश पुढे जातो, ती दारे ते काही काळ बंद करते आणि मग उघडी सोडते, एवढेच.

दरम्यान दबलेल्या मज्जातंतूंविषयीची समजही वाढली. १९३३ साली जेम्स लर्मंथ यांनी मनगटातील अस्थिबंध कापून मज्जातंतूवरील दाब काढल्याचे लिहिले, तर १९५० पासून जॉर्ज फॅलन यांच्या लेखांनी हा विकार सर्व डॉक्टरांच्या परिचयाचा केला. शस्त्रक्रिया लहान, भूलही स्थानिक. तरी एक अडचण राहिलीच होती. रक्त थांबविण्यासाठी दंडाला जो घट्ट पट्टा आवळत, त्याची कळ काही मिनिटांतच असह्य होई. त्यासाठी गुंगीचे औषध द्यावे लागे, आणि गुंगी द्यावयाची म्हणून उपास, तपासण्या व देखरेख. अॅड्रिनलिन टोचले तर पट्ट्याची गरज नव्हती. परंतु त्याने बोटे काळी पडून निकामी होतात, असे विद्यार्थ्यांना पिढ्यान्‌पिढ्या शिकविले जात होते. ती भीती प्रोकेनच्या काळातील दुर्घटनांतून आलेली होती. जुने झालेले प्रोकेन अतिशय आम्ल होई आणि ऊतींची हानी करी. कॅनडातील डॉ. डोनाल्ड लालोंड व त्यांच्या सहकाऱ्यांनी हात व बोटांत अॅड्रिनलिन वापरलेल्या ३,११० रुग्णांचा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध केला. त्यात एकाही रुग्णाचे बोट गमवावे लागले नव्हते. शिवाय गरज पडल्यास अॅड्रिनलिनचा परिणाम उलटविणारे फेंटोलामीन हे औषधही हाताशी असते.

तेव्हापासून अनेक देशांत ही शस्त्रक्रिया पट्ट्याशिवाय व गुंगीशिवाय होऊ लागली आहे. बारीक सुईने मनगट व तळहातात लिग्नोकेन आणि अॅड्रिनलिन सावकाश टोचतात आणि सुमारे अर्धा तास थांबतात, म्हणजे रक्तवाहिन्या पुरेशा आकसतात. वृद्ध, मधुमेही किंवा हृदयविकार असलेल्या रुग्णांना पूर्ण भुलीचा ताण टाळता येतो. अर्थात कोणास काय योग्य, हे त्यांच्या प्रकृतीस पाहून डॉक्टरांनीच ठरवावयाचे असते. रुग्ण नेहमीप्रमाणे न्याहारी करून येतो. कोपराजवळ दबलेल्या मज्जातंतूच्या बाबतीतही ही पद्धत वापरली जाते. शस्त्रक्रिया चालू असतानाच डॉक्टर त्याला हात कधी उंच ठेवावा, कोणती कामे किती दिवस टाळावीत, टाके कधी काढावयाचे हे सांगतात, आणि तो जागा असल्यामुळे शंका तेथल्या तेथे विचारून घेतो.